दोनदा पडलेली साखर

पोर्ट पिरी,
११ फेब्रुवारी १९९६

प्रिय डेस,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं, ते तुला कागदावर दिसतंच आहे. क्लेमशी लग्न होऊन एकेचाळीस वर्षं झाली, पण त्याच्या जिवलग दोस्ताला, म्हणजे तुला, मी आजवर पत्र म्हणून लिहिलेलं नाही. नाताळचं कार्डसुद्धा मी नुसतं सही करून क्लेमपुढे सरकवायचे. फोनच केला असता. पण फोनवर तुझं ते “काय गं नोला, काय म्हणतेस?” ऐकलं की माझं डोकं फिरतं आणि बोलायचं ते बाजूलाच राहतं. मागे दोनदा तुझा फोन मध्येच बंद झाला ना? लाइन तुटली नव्हती. मी ठेवला होता.

आधी बातमी देते. क्लेम काठी घेऊन फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. उजवा हात अजून लोंबतोच आहे. वजन उतरलंय, पॅन्टला दोरी बांधावी लागते. पास्टी केली तर कडा कुरतडतो आणि आतलं मटण-बटाटा ताटात तसंच ठेवतो. दिवसभर खिडकीशी बसून असतो. हेदर पर्थहून फोन करते आणि सांगते, “आई, बाबांना कशात तरी गुंतव.” पर्थहून सल्ला द्यायला काय जातं?

बोलणंही तसंच. ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून तीनच शब्द उरलेत, ते तुला ठाऊक आहेत. ‘बरंय’, ‘च्यायला’ आणि ‘डेस’. पहिले दोन मला चालतात. पण चहा हवा असला तरी डेस, शेजारचं कुत्रं आलं तरी डेस. आणि सकाळी डोळे उघडले की माझ्याकडे बघून म्हणतो, “डेस.” इस्पितळातून बोलणं शिकवायला एक मुलगी येते. ती म्हणाली, “मनावर घेऊ नका, मिसेस हॅड्रिक. एखादाच शब्द जिभेवर अडकून बसतो. कुठला, ते कुणाच्या हातात नसतं.” मी विचारलं, “पोरी, तुझं लग्न झालंय?” नव्हतं झालेलं.

तर आता स्पष्टच लिहिते. मी तुझ्यावर जळते, डेस. आजपासून नाही, पहिल्यापासून. सवत असती तर निदान झिंज्या तरी उपटल्या असत्या. तुला तर टक्कल.

बावीस वर्षांपूर्वी तू घरी बिअर करायचा तो पहिला डबा घेऊन आलास, तो दिवस मला लख्ख आठवतो. डब्यात काळा घट्ट पाक, झाकणाखाली यीस्टची पुडी. मी ओट्यावर मटण भाजायला काढलं होतं आणि तुम्ही दोघे माझ्याच पातेल्यात पाणी तापवत होतात. घरभर ओल्या पावाचा वास सुटला. मी कुरकुरले म्हणून तुम्ही पिंप उचलून मागच्या शेडमध्ये नेलंत, ते कायमचंच. तेव्हापासून एका शनिवारी पाक कालवायचा, पुढच्या शनिवारी बाटल्या भरायच्या, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी आधीची बिअर कशी झाली ते बघायचं. म्हणजे एकही शनिवार माझा नाही. शेडमध्ये दोन स्टुलं. एकदा मी गरम स्कोन भाजून घेऊन आले होते, आठवतं? मी दारात आले आणि तुम्ही दोघे गप्प. क्लेम म्हणाला, “ठेव तिथं.” बसायला जागाच नव्हती. मी बशी घेऊन दोन स्टुलांच्या मध्ये उभी राहिले आणि मग निघाले. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तुमचं हसणं ऐकू आलं. “एवढं काय बोलता रे?” असं विचारलं की क्लेमचं ठरलेलं उत्तर, “काही नाही. बिअरचं.”

काही नाही कसं? शिशाच्या कारखान्यातून त्याला काढणार आहेत, हे मला कळलं कसायाच्या दुकानात. फ्रिट्झ सॉसेजच्या चकत्या कापून घ्यायला रांगेत उभी होते आणि तुझी व्हॅल मागून येऊन म्हणाली, “नोला, काळजी करू नकोस, होईल सगळं नीट.” काय नीट होईल ते मला ठाऊकच नव्हतं! त्यानं तुला तीन आठवडे आधी सांगितलं होतं, स्टुलावर बसून. मी घरी येऊन एक शब्द बोलले नाही. त्यानंही काढला नाही. पुढे व्हॅल गेली तेव्हा तो क्रिस्टल ब्रुकला तुझ्याकडे पंधरा दिवस राहिला. बायको गेलेल्या माणसावरही मी जळले, डेस. मंगळवारी रात्री तुला पुडिंग पाठवलं आणि बुधवारी सकाळी मनातल्या मनात शिव्या दिल्या. जत्रेत तुमच्या बिअरला दुसरा नंबर मिळाला, ते ‘सी. हॅड्रिक आणि डी. किलमार्टिन’ असं कार्ड शेडमध्ये खिळ्यानं ठोकलंय. माझ्या स्पंज केकची पहिल्या नंबरची तीन कार्डं ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली पडलीत.

ऑक्टोबरात तू पुन्हा शनिवारी येऊ लागलास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. तू त्याला बगलेत धरून शेडमध्ये न्यायचास. नोव्हेंबरअखेरच्या एका शनिवारी सकाळी मी त्याच्या डाव्या हातात चमचा दिला होता, तो त्यानं भिंतीवर फेकला होता. आणि त्याच डाव्या हातानं तो झाकणं दाबायच्या यंत्राचा दांडा खाली ओढत होता. एकामागून एक तीस बाटल्या! तू काहीतरी बोललास, “अरे म्हाताऱ्या, अजून जोर आहे की!” असंच काही. आणि तो हसला. झटका आल्यावरचं ते पहिलं हसणं. त्याला अंघोळ घालते मी, मटण बारीक कापून देते मी, पायमोजे चढवते मी. आणि हसला तुझ्यापाशी. पुढच्या मंगळवारी मी तुला फोन करून सांगितलं की डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितलीय, पाहुणे बंद. तू म्हणालास, “बरं, त्याला सांग मी विचारत होतो.” मी सांगितलं नाही.

मग मी काय केलं माहितीये? सुपरमार्केटमध्ये जाऊन तसाच एक डबा आणला. म्हटलं, पाक, साखर, पाणी आणि यीस्ट, यात असं काय आहे जे डेसला जमतं आणि मला जमत नाही? डब्याबरोबरच्या सूचना चष्मा लावून तीनदा वाचल्या. तुम्ही दोघांनी बावीस वर्षांत एकदाही वाचल्या नसतील. शेडमध्ये पाय टाकायची इच्छा नव्हती, म्हणून पिंप कपडे धुण्याच्या खोलीत आणलं. क्लेम दारात खुर्ची घेऊन बघत बसला. दुसऱ्या दिवशी पिंपाच्या नळीतून बुडबुड सुरू झाली आणि मला इतका आनंद झाला की मी हेदरला फोन करून ती ऐकवली. “आई, तू बरी आहेस ना?” असं म्हणाली ती.

बुडबुड थांबली. सूचनेप्रमाणे आणखी दोन दिवस थांबून मी बाटल्या भरायला काढल्या. तुमच्याच त्या उंच तपकिरी बाटल्या, धुऊन, वाळवून, ओळीनं मांडून. प्रत्येकीत एकेक चमचा साखर घातली. तेवढ्यात हेदरचा फोन आला. दहा मिनिटांनी परत येते तर काय, क्लेम खुर्चीतून उठलेला. डाव्या हातात चमचा, आणि तिसाच्या तीस बाटल्यांच्या तोंडावर पत्र्याचं एकेक झाकण उलटं ठेवलेलं. किती नीट! मला वाटलं, धूळ पडू नये म्हणून ठेवलीत. मनात म्हटलं, बघ डेस, माझ्याबरोबरही जमतं त्याला. मग मी नळीनं बिअर भरत गेले आणि त्यानं झाकणं दाबली. शेवटची झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, “डेस.” त्या दिवशी मी तेही चालवून घेतलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चव्वेचाळीस अंश झाले होते, तुझ्याकडेही झालेच असतील. दुपारी तीनला मी त्याच खोलीत मशीनमधून चादरी काढत होते आणि कानाशी बार झाला. मला वाटलं मशीनच फुटलं. तोवर दुसरा बार, आणि काचा. मी जागच्या जागी गोठले. बाटल्यांच्या फळीला पाठ करायचंही सुचेना. आणि डेस, जो माणूस खुर्चीपासून दारापर्यंत यायला चहा निवेपर्यंत वेळ लावतो, तो काठी न घेता आला. माझ्या आणि फळीच्या मध्ये उभा राहिला. चांगला हात माझ्यावर आडवा टाकून मला दाराकडे ढकलत होता आणि ओरडत होता, “डेस! डेस!” त्याच्या दंडात काच घुसली, खोल नाही, पण रक्त आलं. तो मला ढकलतच राहिला.

मागच्या पायरीवर आम्ही बसलो. मी त्याचा दंड ओल्या फडक्यानं पुसत होते आणि आत एकेक बार होत होता. अकरा झाले. सातव्याला तो म्हणाला, “च्यायला.” आठव्याला हसायला लागला. मग मीही. शेजारची बाई कुंपणावरून विचारत होती, “नोला, पोलिसांना बोलावू का गं?” तेव्हा आम्हाला उत्तर देता येईना, इतकं हसत होतो.

मग तो उठून शेडमधून एक रिकामी बाटली, चमचा आणि झाकण घेऊन आला. चमचा बाटलीवर उपडा केल्यासारखं केलं, झाकण उलटं करून तोंडावर ठेवलं, आणि बोट दाखवून म्हणाला, “डेस.” मग झाकण काढलं, उघडी बाटली दाखवली, पुन्हा चमचा उपडा केला. ढ पोरीला शिकवावं तसं तीनदा दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साखर घातली की तू झाकण उलटं ठेवतोस. उघडी बाटली म्हणजे साखर राहिलेली. तुमची खूण ती, बावीस वर्षांची, डब्याबरोबरच्या कागदावर नाही. मी साखर घालून बाटल्या उघड्या टाकल्या, आणि त्यानं आपलं काम चोख केलं. साखर दोनदा पडली, दुप्पट वायू झाला आणि उन्हाळ्यानं बाटल्या फुटल्या. चूक माझी, कारण त्या शेडमध्ये काय चालतं ते मला कधी ठाऊकच नव्हतं.

त्या रात्री मी त्या ओरडण्याचाच विचार करत होते. तू तिथं नव्हतास, डेस. तिथं मी होते. तो मलाच हाक मारत होता. त्याच्याजवळ आता माणसासाठी एकच नाव आहे, आणि जीव जायची वेळ आली तेव्हा ते त्यानं माझ्यासाठी वापरलं. म्हणून माझं जळणं संपलं असं समजू नकोस. नाव तुझंच आहे, ते मला अजून खुपतं. पण आता सकाळी त्यानं “डेस” म्हटलं की मी “काय रे?” म्हणते.

एकोणीस बाटल्या अजून आत उभ्या आहेत. खोलीला कुलूप आहे आणि महिनाभर मी न्हाणीच्या टबात गुडघ्यांवर बसून कपडे धुतेय. त्या कशा उघडायच्या ते तूच येऊन बघ, असं लिहायला बसले होते आणि तेवढ्यावरच पत्र संपवणार होते. पण खरं कारण ते नाही. तुमच्या प्रत्येक घाण्यातली एक बाटली पारदर्शक प्लास्टिकची असते ना, दाबून बघायची, घट्ट झाली की बाकीच्या तयार, आणि मग ती तू घरी न्यायचास? तसलीच एक रिकामी बाटली क्लेम दर शनिवारी शेडमधून काढतो. आज शनिवार हे त्याला कसं कळतं देव जाणे, कॅलेंडर तर मीच काढून ठेवलंय. दहा वाजता फाटकाजवळ पत्रपेटीच्या कट्ट्यावर जाऊन बसतो आणि बाटली दाबत राहतो. बारा वाजले की आत येतो आणि जेवत नाही. असे अकरा शनिवार झाले. काल मी त्याला म्हटलं, “डेस यायचा नाही रे, डॉक्टर नको म्हणालेत.” त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “बरंय.” डॉक्टर तसं काहीच म्हणाले नव्हते, डेस. उलट म्हणाले होते की आठवड्यातला एक दिवस चांगला जातोय, तो मोडू नका. मी मोडला. तुझा नाही, त्याचा मोडला. नवा डबा आणून ठेवलाय. येत्या शनिवारी ये, दहाच्या आत ये, म्हणजे त्याला वाट बघावी लागणार नाही. साखर मी घालीन आणि झाकण उलटं ठेवीन. आणि येताना घरून एक स्टूल घेऊन ये. तिथं दोनच आहेत.

तुझी म्हणवत नाही, पण क्लेमचीच,
नोला