झांजेची जागा

२ एप्रिल. सकाळी.
देवाच्या कृपेने परदेशी सुखरूप पोचलो. विमानात पांघरूण मिळालं, उतरताना परत घेतलं. तक्रार नाही.

ह्यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर मी येणार असं काही ठरलेलं नव्हतं. कपड्यांचं बघणाऱ्या बाईंनी निघायच्या आदल्या आठवड्यात पाय मोडून घेतला आणि मॅनेजरनी मला विचारलं, इस्त्री जमेल का. मी मॅट्रिक आहे, म्हटलं, इस्त्रीच काय, हिशेबही बघेन. हिशेबाला माणूस आहे म्हणाले. बाईंच्या पायासाठी प्रार्थना केली. फार लवकर बरा व्हावा असं मात्र म्हटलं नाही.

हे झांज वाजवतात. अख्ख्या कार्यक्रमात एकदाच. लोकांना ते कमी वाटतं. मला नाही. व्हायोलिनवाले दीड तास घासत बसतात आणि पगार तोच.

३ एप्रिल.
वाईट बातमी. दौरा संपला की ठोकायच्या वाद्यांतली एक जागा रिकामी होणार, असं मॅनेजर बसमध्ये कुणाला तरी सांगत होते. मी मुद्दाम ऐकत नव्हते, फक्त एक सीट पुढे सरकले. ठोकायला दोघंच. एक हे, दुसरे ढोलवाले. निर्णय छडीवाले घेणार. (सगळ्यांच्या पुढे उभे राहून छडी हलवतात ते. स्वतः काहीच वाजवत नाहीत, पण हॉटेलात सगळ्यांत मोठी खोली त्यांना.)

ह्यांच्या शेजारी जाऊन बसले, नेहमीप्रमाणे डाव्या हाताला, आणि सगळं सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दुःख आतल्या आत गिळणारा माणूस.

संकल्प पहिला: जागा ह्यांचीच राहील हे मी बघणार.
संकल्प दुसरा: कुणाच्या मध्ये पडायचं नाही.

५ एप्रिल.
पहिला कार्यक्रम छान झाला. एकाही कोटाला सुरकुती नव्हती.

यंदा पाहुण्या म्हणून दोन पियानोवाल्या आहेत. एका गावात थोरल्या बाई वाजवतात आणि धाकटी शेजारी बसून त्यांची पानं उलटते. पुढच्या गावात धाकटी वाजवते. तिला सगळं पाठ असतं, पानं लागत नाहीत. त्या दिवशी थोरल्या बाईंचं डोकं दुखतं.

ह्यांना विचारलं, इतका वेळ गप्प उभं राहून नेमकं कधी वाजवायचं हे कळतं कसं. दोनदा विचारावं लागलं, कारण हे जेवत होते. म्हणाले, बाकीचे आकडे मोजतात, मी नाही मोजत. पियानोच्या डाव्या टोकाच्या, अगदी खालच्या पट्ट्यांवर मोठा दणका येतो, तो पायातून कळतो. मग वाजवायचं.

पायातून. केवढा कलावंत, आणि कुणाला पत्ता नाही.

ह्यांच्या बुटांचे तळवे मात्र पापुद्र्यासारखे झालेत. चांगल्या जाड तळव्यांचे घेऊ म्हटलं तर ठाम नको म्हणाले. माझी काटकसर अंगी मुरली म्हणायची.

६ एप्रिल.
ब्रेकफास्टला छडीवाले एकटे सापडले. मी फक्त मीठ मागायला गेले होते. मग म्हटलं, आलेच आहे तर बसते.

त्यांना सांगितलं, ह्यांना एकच दणका देता हे बरं दिसत नाही, निदान दोन तरी द्या. ढोलवाल्यांबद्दल वाईट काहीच बोलले नाही. उलट काळजीने म्हटलं, हल्ली फार दमलेले दिसतात, रंगही उतरलाय, त्यांना घरी विश्रांती मिळाली तर पुण्य लागेल.

छडीवाल्यांनी हातातलं अंडं खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्ही दोघं घरी बोलता ना एकमेकांशी. म्हटलं, दिवसभर. मी बोलते, हे ऐकतात. घरात एक म्हणून वाद नाही, गेली कित्येक वर्षं. त्यावर त्यांनी अंडं पुन्हा उचललं आणि बघू म्हणाले.

बघू म्हणजे अर्धं काम झालं. देवाला दोन फुलं वाहिली. (हॉटेलच्या टेबलावरची. संध्याकाळी तशीही काढून टाकतात.)

८ एप्रिल.
आज हातून एक चांगलं काम झालं.

धाकटी झगा इस्त्रीला घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, थोरल्या बाईंची बोटं थकलीत, मधला अवघड भाग आला की चार-दोन सूर गाळून पुढे जातात, ऐकणाऱ्याला कळत नाही इतकंच. मला वाटलं, ही गोष्ट ज्याची त्याला कळली तर सुधारता येईल. म्हणून थोरल्या बाईंना सांगून आले. नाव कुणाचं घेतलं नाही. फक्त म्हटलं, जी तुमच्या शेजारी बसते ती म्हणत होती.

दोघी लगेच समोरासमोर बसून मनातलं सगळं बोलल्या. तळमजल्यावर ऐकू येत होतं. साचलेलं निघून गेलेलं बरं.

संध्याकाळी कळलं, धाकटी यापुढे पानं उलटणार नाही. बाई म्हणाल्या, तिने उलटलेली पानं मला नकोतच. दोघींचं निदान एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

९ एप्रिल.
मॅनेजर कपाळाला हात लावून बसले होते. शेवटच्या आणि सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमाला थोरल्या बाई वाजवणार आणि पानं उलटायला माणूस नाही. मी इस्त्री बंद केली आणि म्हटलं, शाळेत प्रार्थनेला पेटी मी वाजवायची. हे खरं आहे. भाता मी मारायची, पट्ट्या दुसरी मुलगी दाबायची, पण एवढं खोलात शिरायची गरज वाटली नाही.

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, तुम्हाला वाचता आलं नाही तरी चालेल, मी मान हलवली की उलटा, बाकी काही करू नका. बाकी काही करायची मला सवयच नाही.

विचार केला तर यात देवाचाच हात दिसतो. स्टेजवर छडीवाल्यांच्या डोळ्यांसमोर मी असणार. मी दिसले की त्यांना ह्यांची आठवण होणार.

बाईंचं नोटेशनचं पुस्तक घेऊन आले. त्यांच्या गुरूंचं आहे म्हणे. काय ती दशा. मधली पानं कडेने फाटलेली, कोपरे लोंबताहेत. मॅनेजर चिकटपट्टी आणायला निघाले होते, मी थांबवलं. मूठभर मैद्यात काम होतं. हॉटेलच्या आचाऱ्याकडून मैदा मागितला, खळ शिजवली, एकेक पान बसून चिकटवलं. वर इस्त्रीचा हलका हात फिरवला. पानं कशी कडक झालीत. पुस्तक पहिल्यापेक्षा थोडं बारीक वाटतंय, पण नीटनेटकेपणा आला की जागा कमी लागतेच.

ह्यांना दाखवलं. बघून मान हलवली. ह्यांची पसंती म्हणजे मला सर्टिफिकेट.

११ एप्रिल.
रिहर्सल. पहिली सगळी पानं वेळेवर उलटली. बाई मान हलवतात तशी मीही हलवत होते, तर त्या म्हणाल्या, तुम्ही हलवू नका. मधल्या भागाला यायच्या आत छडीवाल्यांनी पुरे म्हटलं. आमचं इतकं चांगलं बसलंय की पुढचं बघायची त्यांना गरज वाटली नसावी.

ढोलवाले भेटले. मी तब्येतीला जपा म्हटलं. ते म्हणाले, वहिनी, मला झालंय तरी काय, सकाळपासून तिघांनी विचारलं. बोलताना कानकोंडे झाले होते. मला थोडं वाईट वाटलं. पण त्यांची मुलं कमावती आहेत, आणि आम्हाला ह्या पगाराशिवाय काही नाही. देवाला दोन्ही बाजू दिसतात.

१२ एप्रिल. दुपार.
आज कार्यक्रम. काळी साडी कडक करून ठेवली. लग्नाच्या फोटोनंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच एका स्टेजवर. ह्यांना तसं म्हटलं, तर हे बुटाची नाडी सैल करत होते, म्हणाले, हो, गरम होतंय खरं.

लाजतात.

१३ एप्रिल. सकाळी.
काल जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी तिखटमीठ लावायला नको.

सुरुवात निर्विघ्न. मग तो मधला, अगदी हळू वाजवायचा भाग आला. सभागृहात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. बाईंनी मान हलवली. मी कोपरा धरला. पान येईना. खळ उत्तम धरली होती, हे त्यावरून सिद्धच झालं. बाईंनी पुन्हा मान हलवली, जरा जोरात. मी ओढलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान हलवली नाही, नुसतं बघितलं. मी उभं राहून दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा पान न येता पुस्तकच आलं. ते डावीकडे कलंडलं. परक्याची वस्तू, गुरूंची आठवण, खाली पडू द्यायची नाही म्हणून मी झेप घेतली. पुस्तक वाचलं. माझे दोन्ही तळहात मात्र पियानोच्या अगदी खालच्या पट्ट्यांवर पडले.

दणका मोठा होता. तो ह्यांच्या पायातून कळला.

ह्यांनी झांज उचलली आणि वाजवली. आयुष्यात इतकी स्वच्छ वाजवली नसेल. पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातली पर्स पडली. छडीवाले पूर्ण मागे वळून ह्यांच्याकडे बघत राहिले. दहा दिवस मला हवं होतं ते हेच.

थोरल्या बाईंनी डोळे मिटले आणि पुढचं सगळं न बघता वाजवलं. म्हणजे पाठ होतं. एकही सूर गाळला नाही असं धाकटीच नंतर म्हणाली आणि रडली. दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या. समेटाचं श्रेय मी मागणार नाही.

शेवटी खरा दणका आला तेव्हा ह्यांनी पुन्हा वाजवली. एकूण दोन. सहा तारखेला मी मागितले होते तेवढेच.

छडीवाल्यांनी आम्हा दोघांना उद्या भेटायला बोलावलंय. जागा नक्की झालीसं वाटतं.

१४ एप्रिल.
छडीवाल्यांनी दोघांना समोर बसवलं. मीच सुरुवात केली. म्हटलं, दोष खळीचा, झांजेचा नाही, ह्यांची जागा काढू नका.

ते हळू आवाजात म्हणाले, "मी कुणाची जागा काढत नाहीये, वहिनी. त्यांनीच सोडलीय. दौऱ्याच्या आधी येऊन सांगून गेले. डावा कान पूर्ण गेलाय, चार वर्षं होत आली. एक शेवटचा दौरा करू द्या म्हणाले, म्हणून आणलं."

ढोलवाल्यांच्या जागेचा प्रश्न कधी नव्हताच. ह्यांच्या निरोपाच्या समारंभासाठी त्यांनीच वर्गणी जमवलीय.

बाहेर आल्यावर ह्यांच्या समोर उभी राहिले आणि विचारलं, मला का नाही सांगितलं. हे माझ्या ओठांकडे बघत होते. आधीही तसंच बघायचे, मला वाटायचं माया.

म्हणाले, "सांगणार होतो. तू बोलत होतीस."

मी इस्त्रीच्या खोलीत गेले. एकच कोट तीनदा केला. देवाला काही मागितलं नाही. त्याच्याही कुठल्या बाजूला मी इतकी वर्षं बसलेय कोण जाणे.

संध्याकाळी ढोलवाल्यांची माफी मागायला गेले. त्यांनी खुर्ची दिली, तब्येत कशी आहे विचारलं. माझी.

संकल्प: उद्यापासून ह्यांच्या उजव्या हाताला बसायचं आणि गेल्या चार वर्षांचं सगळं पहिल्यापासून सांगायचं. घाई नाही, आता हे घरीच असणार.

तसं ह्यांना सांगितलं, उजवीकडून. म्हणाले, हाही कान आता तितकासा राहिला नाही.

छडीवाल्यांना विचारून आले. डॉक्टरांनी उजवा कान उत्तम आहे म्हणून सांगितलंय.