बाबांना टोकलं!

सोमवार, ४ मार्च
झालं! ब्रेडच्या कारखान्यात आता माझं नाव पडलं — शिट्टी. साहेबांनी फर्मान काढलंय: कुणी धोक्याचं काही करताना दिसला, की जवळच्याने जागच्या जागी टोकायचं. लहान-मोठं बघायचं नाही. आमच्या खोलीत सुरुवात कुणी करायची, तर मी. का, तर माझा आवाज मोठा! दिवसभर टोकत सुटले. भट्टीवाल्याला हातमोजे, पॅकिंगवालीला मोकळे केस. हसत हसत ऐकतात बिचारे.

पण कणीक मळायच्या यंत्रावर बाबा आहेत — माझे सासरे. त्यांनीच मला इथे लावलं. कान मंद झालेत, चष्म्यावर कायम पिठाचा थर. तरी जाळी वर करून चालू यंत्रात हात घालतात, कडेची कणीक खरवडतात. त्यांना कोण बोलणार!

गुरुवार, ७ मार्च
बोलले. बोलले कसली, ओरडलेच — "बाबा, हात काढा!" सगळी खोली वळून बघायला लागली. त्यांनी हात काढला, फडक्याला पुसला. भट्टीवाला म्हणाला, "काय काका, घरीपण असंच का?" हशा पिकला. बाबा हसले नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च
डबा घेऊन बाहेर एकटेच बसले. घरी जेवताना ताटावरून नजर वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत पाणउतारा केलास गं त्यांचा." आणि आमचे हे — "घरी सांगायचं होतंस ना." घरी! घरी कुठे यंत्र आहे?

पण माझंच चुकलं. ज्यांनी मला कामाला लावलं त्यांचीच शोभा केली मी. जिभेला हाड नाही माझ्या.

मंगळवार, १२ मार्च
रोज तेच. हात घालण्याआधी ते माझ्याकडे बघणार, मी कानाशी जाऊन "बाबा" म्हणायचं, त्यांनी हात मागे घ्यायचा. आणि घरी अबोला.

शनिवार, १६ मार्च
माफी मागितली. चहा देताना म्हटलं, "पुन्हा नाही बोलणार, बाबा." एक घोट घेतला, कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साखर कमी पडलीय." बोलले! मला रडूच आलं. ठरलं — जगाला टोकेन, यांना नाही. एवढे दिवस जीवाला घोर कशासाठी लावून घेतला होता, कोण जाणे.

रविवार, १७ मार्च
सगळे एकत्र जेवलो. बाबांनी भट्टीवाल्याची नक्कल केली. हसून हसून पुरेवाट!

बुधवार, २० मार्च
आत्ताच हॉस्पिटलमधून आलो. बाबांच्या उजव्या हाताची बोटं गेली.

हात घालण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी मान खाली घातली.

शुद्धीवर आल्यावर म्हणाले — रागाने नाही, अगदी साधंच — "तू काही बोलली नाहीस गं. मला वाटलं, यंत्र बंद आहे."