झऱ्याची राखण

प्रिय रिगोबेर्तो,

तू निवृत्त होऊन फ्लोरेसच्या तळ्यात मासे पकडत बसलास आणि मी इथे अडकले. आईला भेटायला डोंगरातल्या आमच्या गावी, तोतोनिकापानला आले होते. रविवारी मिकाएला आत्याबरोबर सहज गावसभेला गेले. पुढच्या वर्षाचे कारभारी निवडत होते. झरे आणि रान राखायच्या कामासाठी कोणीतरी माझं नाव घेतलं आणि बघता बघता सगळे हात वर. मी म्हटलं, "अहो, जानेवारीत माझं खोदकाम आहे." तशी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "जन्मभर मेलेल्या राजांची उस्तवार केलीस, पोरी. आता वर्षभर जित्या माणसांच्या पाण्याकडे बघ." सभा खो खो हसली. मीही हसले, पण लगेच हो म्हटलं नाही.

कारण तुला माहीत आहे. मका पिकवणाऱ्या आपल्या माया पूर्वजांनी एका माणसाला राजा म्हणून डोक्यावर का बसवून घेतलं, या एका प्रश्नापायी आपण पेतेनच्या जंगलात तीस वर्षं डासांकडून चावून घेतलं. तू म्हणायचास धाकाने, मी म्हणायचे भक्तीने. त्या भांडणातच प्रेमात पडलो आणि लग्नाचं मात्र राहून गेलं. आता तिथल्या राजवाड्याची सर्वांत जुनी खोली उघडायची वेळ आली, तर नेमकी त्याच महिन्यात मला गावच्या कारभाराची मानाची काठी हातात घ्यायची आहे. पगार नाही, उलट पदरचं घालायचं.

दोन दिवस मी घरात सगळ्यांवर चिडचिड केली. काल या कामाच्या मावळत्या प्रमुखाबरोबर झऱ्यापर्यंत चढले. सुतार आहे तो. पाइपाचे जोड दाखवताना सारखा म्हणत होता, "सुटलो बाई एकदाचा." अधिकार सोडताना इतका खूश झालेला माणूस मी एकाही शिलालेखात पाहिला नाही. हसू आलं, मग रडूही आलं. राजा कसा झाला हेच आपण विचारत राहिलो, रिगो. कुणी राजा होऊच नये म्हणून लोकांनी, ही वर्षाची बिनपगारी पाळी लावली तसं, काय काय केलं असेल, हे विचारलंच नाही.

मी गावाला हो म्हणून टाकलं आहे. ती खोली तू उघड. खोदकामाच्या परवान्यावर तुझं नाव घालायला मी कळवलं आहे. तेव्हा मी तिथे नसेन याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण राजवाड्यावर थांबू नकोस, आजूबाजूची साधी घरंही खण. आणि काम आटोपलं की सरळ इकडे ये. मे महिन्यात डोंगरावर पाइनची रोपं लावायची आहेत, खड्डे खणायला सवयीचा माणूस हवा. आईला सांगून ठेवलं आहे की या खेपेला तू परत जाण्यासाठी येत नाहीस.

तुझीच,
एउलालिया