तांबूस की हिरवट

१२ मार्च, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे बरे आहोत. निवृत्त होऊन चार महिने झाले आणि मी घरीच लेकीसाठी पुस्तकांचं कपाट करतोय, हे ऐकून हसशील. दारं जरा कुरकुरतात, पण या वयात मीही कुरकुरतोच.

खरी गंमत रंगात आली. लाकडाला चढवायच्या स्टेनचे तीन छोटे डबे आणले आणि उरलेल्या तुकड्यांवर लावून बघत बसलो. डबा एकच, पण सागावर एक छटा, पाइनवर दुसरी! पाइन तर एका जागी घटाघटा पितं आणि शेजारी तोंडच लावत नाही. नुसते डाग. आधी छिद्रं बुजवणाऱ्या पातळ सीलरचा हात दिला की निमूट होतं. आणि फार गुळगुळीत घासलं तर रंग धरतच नाही. तुला हे सगळं पाठ असणार. मी मात्र पोरासारखा हरखलो. तुकड्यांच्या पाठीवर आकडे घालून बावीस नमुने केले.

लेक आली तेव्हा दोन तुकडे पुढे केले. म्हटलं, "हे दोन सारखे आलेत. कुठला घेऊ?"

"बाबा, थट्टा करताय का? हा तांबूस आहे आणि हा चक्क हिरवट!"

मला पटेना. तिला पाठ फिरवायला लावून तुकडे मिसळले. एकदा नाही, सहा वेळा. सहाही वेळा तिने तांबूस तो अचूक उचलला. मला काही केल्या फरक दिसेना.

तिने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्याकडे ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक होतं. लेक पानापानावरचे आकडे घडाघडा वाचत होती आणि मला नुसते ठिपके. बाई म्हणाल्या, "जन्मापासूनच आहे. हे आईकडून मुलाकडे येतं. एका भावात असेल, दुसऱ्यात नसेलही." तुझी नजर तेव्हाच आठवली. लांबून बघून 'तांबडा चिमूटभर कमी आहे' म्हणायचास.

आता किती घिरट्या घालू? आपण दोघं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशला होतो तेव्हाच्या, वकिलीणबाईंच्या कपाटाचं लिहायचंय.

पॉलिशमधला रंग त्या सकाळी मी कालवला होता, तू नाही. बाईंनी ते हिरवट कपाट बघून कारखाना डोक्यावर घेतला आणि मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "डबा दादाने भरून ठेवला होता. मी फक्त हात मारले." तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि हत्यारांची पिशवी उचललीस. एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून कार्यात समोरासमोर आलो की आपण हवापाण्याचं बोलतो.

डोळ्यांचं कारण पुढे करून मला सुटायचं नाही, दादा. रंग दिसला नाही हे खरं. पण मी खोटं बोलतोय हे मला स्वच्छ दिसत होतं.

काल मालकांकडे गेलो. थकलेत फार, ऐकूही कमी येतं. ओरडून सगळं सांगावं लागलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. ते शांतपणे म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या भावाच्या हातून तसा रंग लागणं शक्यच नव्हतं. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाईंसमोर कुणालातरी काढावं लागेल. तर म्हणाला, 'मला काढा. मला कुठेही काम मिळेल. धाकट्याला दुसरं कोण ठेवणार?'"

घरी कसा आलो ते आठवत नाही. आणि मी? वर्षभरात ते काम सोडून कचेरीत चिकटलो. तू माझ्यासाठी सोडलेली जागा मी टिकवलीसुद्धा नाही.

एवढी वर्षं समजत होतो, तू रागाने बोलत नाहीस. आता वाटतं, मी बोलण्याची तू वाट बघत होतास. यातलं खरं काय, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. शिव्या घातल्यास तरी चालेल.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतोय. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन. या खेपेला हवापाण्याचं बोलून निघून जाणारा मी नाही.

तुझ्यावर आळ घालणारा आणि तरी तुझाच,
धाकटा