डाव्या खोपटातली चरबी

१२ नोव्हें. १९८४
आज पुन्हा डुकरं वजनकाट्यावर. माझी पशुवैद्यकीची एम.व्ही.एस्सी. ह्यांच्या पाठीवर. उजव्या खोपटाला खाणं पोटभर, डाव्याला मोजून. डुक्कर वाढताना आधी हाड भरतं, मग मांस, शेवटी चरबी. डाव्यांवर चरबीची पाळी येऊ द्यायची नाही, हाच प्रबंध. सर म्हणाले, "फरक दिसला तर पदवी. नाहीतर नवी पिल्लं, अजून एक वर्ष."

१८ नोव्हें.
आई गोरेगावला मावशीकडे आलेली, तिथून थेट शेडवर! डावी चारही कोकलत होती. "ह्या बाजूक भरभरून नि तेंका मोजून? असो पंक्तिप्रपंच आमच्या घरात कधी झालो नाय!" प्रयोग समजावला. बोरिवलीला घरी पोचेपर्यंत डाव्यांना किती मिळतं तेच विचारत राहिली. लक्षण बरं नाही.

२ डिसें.
पाठीला बारीक चीर देऊन चरबी मोजायची पट्टी घातली. उजव्यांची चरबी जाड, ठीक. डाव्यांचीही तेवढीच! पट्टी बदलली. तीच गत. वाट लागली. शेडचा राखणदार तात्या माझ्याकडे न बघता झाडू मारत होता.

३ डिसें.
तात्याला धरलं. "तुम्ही लायब्ररीत गेलात की आई येतात. चाळीतला उरलेला भात, भाकऱ्या. आमच्याच गावच्या, नको कसं म्हणू?"
घरी विचारलं, तर जराही ओशाळली नाही. "भुकेल्यांका वाढलंय, चोरी नाय केलंय." वर मला तिसरी भाकरी. माझीही पँट कंबरेला होत नाही, मीही तिच्याच पंगतीतला. चिडायचं होतं, हसूच आलं.

७ डिसें.
सरांना सांगितलं. आधी हसले, मग थांबले. "पट्टीवर जाऊ नको. कापल्यावर मांस, हाड, चरबी वेगळं तोलू. तेव्हा कळेल." म्हणजे अजून आशा... डाव्यातलं कानफाटकं मला बघून धावत आलं, माझ्या हातात डबा शोधत. फार वाईट वाटलं.

१० डिसें.
उद्या सकाळी कत्तलखाना. म्हणून आज दोन्ही खोपटांना खाणं बंद, फक्त पाणी. आईला दिवसभर मावशीकडे अडकवून ठेवलं. काही सांगितलं नाही.
रात्री ताट वाढताना म्हणाली, "आज दोनय बाजूंक सारखां वाढलंस मां?"
"हो. अगदी सारखं."
खूश झाली. उद्या दुपारी मोठा डबा घेऊन येणार म्हणते. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने आणखी भात वाढला.