परतीच्या डब्याची परीक्षा

बुलढाणा, सोजराबाईंची माडी,
मंगळवार

तीर्थस्वरूप जनकामावशीस,

नांदुऱ्याकडे तोंड करून दीपकचा साष्टांग नमस्कार. (आमच्या खोलीत साष्टांग घालायचा तर पाय दाराबाहेर जातात, म्हणून अर्धा नमस्कार जिन्यात झाला आहे. तो कमी धरू नये.) तुझे दोन्ही डोळे नवे झाल्यापासून तू गल्लीतल्या बायांना बोलावून सुईत दोरा ओवून दाखवतेस असं कळलं. ऐकून फार बरं वाटलं. मावसाजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, कापसाच्या गाठी मोजायला बसत जा, उचलायला जाऊ नका.

फोन असताना पत्र काऊन, असं तू म्हणशील. त्याचं कारण तूच आहेस. फोनवर ऐकलेलं प्रत्येक वाक्य तू आधी मोठ्यानं परत म्हणतेस, मग ते मावसाजींना समजावून सांगतेस आणि माझा फोन ठेवल्या ठेवल्या आईला लावतेस. म्हणजे माझ्या मनातलं धाड गावच्या आमच्या घरी पोचायला जेमतेम चहा उकळण्याइतका वेळ लागतो. आणि ही गोष्ट आईबद्दलचीच आहे. तेव्हा हे पत्र दार लावून आणि ओठ मिटून वाच.

तुला ठाऊकच आहे की धाडला मुक्कामाला असलेली एसटी पहाटे बुलढाण्याला निघते. त्या गाडीनं आई रोज माझा डबा पाठवते आणि संध्याकाळच्या गाडीनं डबा परत जातो. डब्याची ने-आण करतात कंडक्टर निवृत्तीभाऊ. दिवाळीत डॉक्टरांनी आईला सांगितलं की मोतीबिंदू पिकला आहे, ऑपरेशन करा आणि नंतर महिनाभर चुलीजवळ जाऊ नका. पहिल्या सूचनेला आईनं मान डोलावली, दुसरी ऐकली आणि ती उठून घरी आली. दीपकचा डबा कोण करणार? बाबांच्या जेवणाची सोय शेजारी काकूकडे होईल. पण पहाटेच्या गाडीचा डबा जावेच्या गळ्यात घालणं आईला पटत नाही, आणि खानावळीचं अन्न म्हणजे तिच्या मते सोडा घालून शिजवलेला आजार.

मी म्हणालो, मी माझं रांधून खाईन. त्यावर ती एवढी हसली की फोन बाबांना घ्यावा लागला. मग पुढं तारखा पडत गेल्या. संक्रांत झाली, आईचा डोळा आणखी धुरकटला, आणि शेवटी तिनं अट घातली, "तुह्या हातचं रांधलेलं परतीच्या डब्यात पाठव. माह्या जिभेले पटलं तं मी चालली दवाखान्यात." (आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतोच. आजवर मी त्यात कधी पेरू, कधी गुळाचा खडा आणि महिन्याच्या शेवटी चिमूटभर साखर घालून मान राखत आलो होतो.) म्हणजे आईचा डोळा माझ्या स्वयंपाकावर अवलंबून.

पहिला पेपर खिचडीचा. कॉलेजच्या पोरांना खिचडीइतकं सोपं आणि स्वस्त दुसरं काही नाही असं सगळे सांगतात, पण सांगणाऱ्यांपैकी कोणी आमचा कुकर पाहिलेला नाही. तो हरिओमच्या आजीचा. हरिओम म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, राहणार लोणार, भूगोल घेऊन बी.ए. करतो आणि प्रत्येक विषयात उल्का आणतो. कुकरची शिटी वाजेना म्हणून आम्ही वाट पाहत बसलो. (वाट पाहताना तो मला लोणारचं सरोवर कसं झालं ते सांगत होता, त्यामुळे पुढचा आवाज मला त्या गोष्टीतलाच वाटला.) शिटी उडाली, पिवळी डाळ छताला गेली, आणि खालून घरमालकीण सोजराबाई आल्या त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पोट्टेहो, हळद कोनाची हाये?" छतावरची सोडून उरलेली खिचडी आम्ही डब्यात दाबून भरली. दुसऱ्या दिवशी निवृत्तीभाऊंनी गाडीच्या दारातूनच निकाल दिला, "दीपक, तुही खिचडी डब्यातून निंघत नाई. डबा भिजू घातला हाये, म्हून तुह्या मायनं, पुष्पाबाईनं, आज दुसरा देला."

मग बेसन केलं. (तू त्याला पिठलं म्हणायला लागली आहेस म्हणे, सून पुण्याची आली म्हणून. असो.) पीठ आधी पाण्यात कालवून घ्यायचं असतं हे आम्हाला पीठ उकळत्या पाण्यात टाकल्यावर कळलं. गाठी हरिओमनं चमच्यानं एकेक फोडल्या, पण त्या नादात बेसन पातळ राहिलं, आणि गाडी वळणाला लागताच डब्याचं झाकण सुटून ते निवृत्तीभाऊंच्या तिकिटाच्या मशीनवर सांडलं. त्या दिवशी तिकिटांना लसणाचा वास येत होता. एका बाईनं तिकीट नाकाशी नेलं आणि म्हणाली, "लसून कच्चा राह्यला." तिथून पुढं माझा स्वयंपाक घरचा राहिला नाही, गाडीचा झाला. स्टँडवर गाडी लागली की खिडक्यांमधून ओळख नसलेली माणसं मला सांगत, तेल तापू दे बे, मोहरी तडतडली का मंग हिंग टाक. एक मास्तर तर रोज उतरल्यावर थांबून काल काय केलं ते विचारून जात.

पण मावशी, खोटं सांगत नाही, आम्ही शिकलो. संध्याकाळी बाजार उठताना मेथीची जुडी पडेल भावात मिळते, ती डाळ-तांदळात घालून एकाच भांड्यात शिजवली की दोघांचं पोट भरतं आणि भांडी घासण्यावरून भांडण होत नाही. शिळ्या भाताला कांदा, शेंगदाणे आणि कढीपत्ता घालून फोडणी दिली की सकाळचं कॉलेज निभतं. सोयाबीनच्या वड्या कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या तर रस्सा एवढा झणझणीत होतो की हरिओम उल्का विसरतो. पाकिटातल्या नूडल्स आम्ही सोडल्या. (एकदाच खाल्ल्या, त्या दिवशी गॅस संपत आला होता.) बेसनाचं तर असं झालं की सोजराबाई रोज वाटी घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसतात आणि "नुसती चव पायते" म्हणत वाटी पुसून नेतात. ज्या बाईनं छताचे पैसे भाड्यात लावू अशी धमकी दिली होती, ती आता पुन्हा कधी करणार म्हणून विचारते.

तरी आई पास करेना! रोज एक नवी खोट. जिरं जळालं. डाळीत आंबट कमी. फोडणीच्या भाताबद्दल तर निवृत्तीभाऊंनी निरोप दिला तो असा, "पुष्पाबाई म्हन्ते, भात मोकया हाये, पन जरा जास्तच मोकया हाये." आता मोकळा भात जास्त मोकळा कसा होतो, मावशी? बसमधल्या बायांनाही ते पटलं नाही. हरिओम म्हणाला, "तुह्या मायले पास करायचंच नाई बे. ऑपरेशनले भेऊन राह्यली ते." मलाही तसंच वाटायला लागलं, आणि मला तिचा रागही आला, खरं सांगतो. मी इकडे बोटं भाजून घेतोय आणि ती तिकडे डबा पुढं करून दवाखाना चुकवतेय.

म्हणून काल सोमवारी आम्ही परीक्षकाचीच परीक्षा घेतली. सकाळच्या डब्यात आईनं वांग्याची भाजी पाठवली होती. ती खास माझ्यासाठी असते. बाबांना वांग्यानं खाज सुटते आणि सोमवारी आईचा दिवसभर उपास, म्हणजे ती भाजी घरात कोणी चाखलेली नव्हती. हरिओमनं त्यातली अर्धी वाडग्यात काढून ठेवली, उरलेली चमच्यानं जरा चेचली, वरून कोथिंबीर पेरली आणि तिचीच भाजी त्याच डब्यात भरून परत पाठवली. निवृत्तीभाऊंजवळ निरोप दिला, आज तुझ्यासारखी वांग्याची भाजी करून पाहिली आहे, उपास याच्यावरच सोड.

आज सकाळी निकाल आला. निवृत्तीभाऊ एरवी निकाल ओरडून सांगतात, आज खाली उतरून जवळ आले, पण आवाज त्यांचा घंटीवर मारल्यासारखाच, सगळ्या गाडीनं ऐकलं. "पुष्पाबाई लय तापली बाप्पा. म्हन्ते, मीठ दोनदा पडलं. कुटात खडा हाये. वांगं कडू लागलं, म्हंजे किडकं व्हतं, तसंच चिरून टाकलं. ज्यानं हे भाजी केली त्याले म्हना, आंधी डोये तपासून घे, मंग चुलीपाशी बस!"

मावशी, गाडी हसली. मास्तर हसले. हरिओम तर स्टँडच्या बाकावर लोळला. मीही हसलो. पकडली! स्वतःच्या हातची भाजी नापास करणारी परीक्षक आणखी कुठं मिळेल? आता तूच सांग, तिला पास करायचंच नव्हतं हे सिद्ध झालं की नाही? मी काही अपील करत नाही, फक्त ही हकीकत तुझ्या कानावर घालतो. मोठी बहीण म्हणून तू तिला चांगली झाप. मावसाजींना नमस्कार, वहिनीला सांग की पिठल्याला आमच्याकडे बेसनच म्हणतात.

तुझा आज्ञाधारक (आणि आता स्वयंपाक येणारा) भाचा,
दीपक

ता. क. झापण्यासाठी धाडला यायचं तर रविवारी ये. मीही येतो. येताना तुझ्याकडच्या तिळाच्या वड्या आण. आम्हाला सगळं जमलं, पाक अजून जमत नाही.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहितोय. वाडग्यातली अर्धी भाजी तशीच झाकून राहिली होती, कारण काल आम्ही आपली मेथीची खिचडीच खाल्ली. हरिओम म्हणाला, फेकण्याआधी चाखून तं पाहू. चाखली. मीठ दोनदाच पडलं होतं. वांगं कडूच होतं. खडाही होता.

मावशी, तिनं काही मुद्दाम नापास केलं नाही. तिनं बरोबर सांगितलं. आणि खरं सांगायचं तर त्या भाजीत आम्हाला नवीन असं काहीच लागलं नाही. पावसाळ्यापासून डबा असाच येतोय. खडा आला की मी तो गालात सरकवतो, हरिओम किडकी फोड न बोलता ताटाच्या कडेला ठेवतो, मीठ जास्त असलं की आम्ही दही आणतो, आणि संध्याकाळी निवृत्तीभाऊंजवळ निरोप देतो की भाजी एक नंबर झाली होती. हरिओम परका पोरगा, पण त्यानंही कधी तोंडातून शब्द काढला नाही. आणि आज तिच्या डोळ्यांवरून सगळी गाडी हसली, त्यात मी होतो.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठीच. झापू नकोस. वड्याही राहू दे. फक्त ये, तिच्याजवळ बस, आणि ती भाजी तिचीच होती हे तिला तू सांग. निवृत्तीभाऊंना किंवा गाडीतल्या कोणाला कळून त्यांच्या तोंडून तिला समजण्याआधी सांग. त्यानंतर ती ऑपरेशनला नाही म्हणणार नाही, मी तिला ओळखतो. मी स्वतःच सांगितलं असतं. पण ती लगेच विचारील, "मंग इतके दिवस खाल्ली काऊन बे तू?" आणि त्याचं उत्तर देताना मला तिच्यासमोर रडू येईल.