नव्वद फुटांवरचं पाणी

दि. ४ फेब्रुवारी

ति. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शिवणकाम जोरात आहे हे वाचून बरं वाटलं. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे हे कबूल, पण आज ते रागानं जास्तच बिघडलंय.

सहीसाहेब परत आलाय. निवृत्त होऊन आपल्या वस्तीच्या टोकाला घर बांधलंय, आणि बोअर पाडायला त्यानं मलाच बोलावलं. तो इथे पाणी तपासनीस होता तेव्हा मी बाहेरगावी काम शिकत होतो, त्यामुळे त्यानं ओळखलं नाही. चारशे फूट जावं लागेल म्हटलं तर हसला. कपाटातून आपल्या वस्तीतल्याच हातपंपाचा जुना अहवाल काढून दाखवला. नव्वद फुटांवरचं पाणी निर्दोष, खाली त्याची सही. तपासणीची बाटली न भरताच केलेली सही, आणि आता त्याचा त्यालाच भरवसा.

ताई, थर तोच आहे. पाणी नितळ, गोड, आणि आर्सेनिकनं भरलेलं. नव्वदला थांबलो तर मला कोण बोलणार? तू सांगशील तसं करीन.

तुझ्या मायेतला,
धाकटा

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

थांब नव्वदला.

आईच्या आजारात तू शेवटचे आठ दिवस होतास, मी आठ वर्षं होते. आधी छातीवर ठिपके, मग तळव्यांना घट्टे, मग न भरणारी जखम. डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हाही ती मला सांगायची, पाणी भरपूर पी, साहेबांनी तपासलंय. माझे तळवे अजून असे खरखरीत आहेत की रेशमी कापड हातमोजे घालून शिवते. मी शहरातून पाणी तपासून आणलं, तर कचेरीनं त्याचा अहवाल पुढे केला आणि बाटली मीच खराब केली म्हणाले.

पिऊ दे त्याला. वर्षानुवर्षं पिऊ दे. तुझ्या बायकोला मात्र यातलं सांगू नकोस, ती तुला लगेच शहाणा करील.

तब्येतीला जप, आठवण ठेव.
ताई

दि. २० फेब्रुवारी

ति. ताईस, सा. न.

काम झालं. नव्वदला थांबलो, हातपंप बसवला. साहेबानं दोन पेले पाणी पिऊन तोंड पुसलं आणि असं पाणी कुठे प्यायलो नाही म्हणाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

मग त्याची सून चहा घेऊन आली. तिला सातवा महिना आहे. चहा त्याच पाण्याचा. माझा हात पुढे होईना. वॉशर बदलायचाय अशी थाप मारली, पंपाचा दांडा काढला आणि खांद्यावर टाकून घरी आणला. तो आता पलंगाखाली आहे. बायकोनं विचारलं, मी सगळं सांगून टाकलं. काल सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाही.

आता काय करू ते लवकर कळव.

तुझा गोंधळलेला,
धाकटा

दि. २५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

आधी तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. त्या मुलीच्या पोटात एक थेंबही जाता कामा नये. बायकोला तिच्याकडे पाठव, सगळं खरं सांगू दे, नळाचं पाणी पोचवू दे.

पण साहेब सुटला असं समजू नकोस. पाणी तपासून आणा असं सुनेनंच त्याला म्हणावं. दांडा परत लाव, बाटली त्याला भरू दे, त्यालाच घेऊन जाऊ दे. अर्जावर नाव त्याचं, वस्ती आपली, खोली नव्वद फूट. कचेरीनं माझी बाटली खराब ठरवली, आता त्याची ठरवून दाखवावी.

बायकोची समजूत काढ. चूक माझी होती असं सांग.

ताई

दि. २ एप्रिल

ति. ताईस, आम्हा दोघांचा नमस्कार. (ही बोलते आता.)

निकाल आला. मर्यादेच्या तीसपट. कागद घेऊन साहेब धावत आला, चारशे फूट घे म्हणाला. तेव्हा मी कुणाचा मुलगा ते सांगितलं. तो ओट्यावर बसला. मी म्हटलं, आमच्या पंपाची बाटली भरलीच नव्हती एवढं लिहून द्या, मग मशीन लावतो. तो उठून गेला. बाकीच्या तिघा बोअरवाल्यांकडे फिरला, पण तेही आपल्याच वस्तीतले. कुणाची बहीण गेलीय, कुणाचा बाप. कुणी आलं नाही. सुनेनं बोलणं टाकलं आणि माहेरी निघून गेली.

बाराव्या दिवशी त्यानं लिहून दिलं. आपला एकच नाही, बेचाळीस पंप. एकही तपासला नव्हता. कागद मी कचेरीत नेऊन दिला. चौकशी लागलीय, त्याचं निवृत्तिवेतन थांबलंय, बेचाळीस पंपांचं पाणी नव्यानं तपासतायत. वस्तीतल्या बायका डॉक्टरांपुढे तळवे उघडून रांगेत उभ्या असतात, आणि साहेबाला त्या रांगेजवळूनच घरी जावं लागतं.

शब्द दिला होता म्हणून चारशे फूट घेतले. पाणी चांगलं लागलं. मशीन आवरताना तो जवळ आला आणि माफ कर म्हणाला. मी म्हटलं, माफ करणारा मी कोण, प्यायल्या त्या आई आणि ताई. त्यानं तुझा पत्ता मागितला.

मी दिला नाही.

तुझी माया अशीच राहू दे.
धाकटा